मग त्याला काय मिळतं?

दुकानदार माणसाला एखादी वस्तू ‘फुकट आहे’ असं सांगून पटवायला जाऊ नये. फुकटाची ओढ गिऱ्हाइकाला असते, दुकानदाराला फुकटाची धास्ती असते. फुकट टोपी, फुकट जर्किन, फुकट छत्री, वर्षाअखेरीला फुकट थायलंड. कंपनीचा माणूस ह्यातलं काहीही घेऊन दारात उभा राहिला की त्याच्या मागून न खपणाऱ्या मालाची खोकी येतात, हे गल्ल्यावर बसलेल्या माणसाने जन्मभर पाहिलेलं असतं. लिनक्सचा प्रसार करणाऱ्या जगभरच्या सज्जनांना हे कुणी सांगत नाही. ते आपले वर्षानुवर्षं पहिलं वाक्य तेच म्हणतात: ही ऑपरेटिंग सिस्टिम पूर्णपणे मोफत आहे. मीही तेच म्हणालो.

“मग त्याला काय मिळतं?” अण्णांनी विचारलं.

अण्णा म्हणजे माझे वडील. शिरूरला त्यांचं कृषी सेवा केंद्र आहे. ज्यांना शिरूर माहीत नाही त्यांनी पुण्याहून नगर रस्त्याने निघावं, वाघोलीच्या कोंडीत आयुष्याचा फेरविचार करावा, रांजणगावच्या महागणपतीला गाडीतूनच हात जोडावेत आणि घोड नदीचा पूल यायच्या आत थांबावं. नदीवरून गावालाही घोडनदी म्हणतात; जुन्या गिऱ्हाइकांच्या तोंडी अजून तेच नाव आहे. दुकानात बियाणं, खतं आणि औषधं. औषधं म्हणजे पिकावर मारायची. माणसाची औषधं जिथे मिळतात त्याला आमच्याकडे मेडिकल म्हणतात. बियाण्याला जीएसटी नाही, खताला पाच टक्के, औषधाला बहुतेक अठरा. 1 जुलै 2017 ला ही व्यवस्था आली आणि तोवर लाल वहीवर सुखाने चाललेल्या दुकानात कॉम्प्युटर आला.

कॉम्प्युटर सेकंडहँड, पुण्यातल्या कुठल्याशा ऑफिसने काढून टाकलेला. त्यात विंडोज कुठून आलं, हे अण्णांना विचारलं तर ते म्हणायचे, “त्यातच होतं.” ते त्यात नव्हतं. गावातल्या कॉम्प्युटरवाल्या पोराने ते पेनड्राइव्हमधून घातलं होतं. त्याच पेनड्राइव्हमधून ऑफिस आलं, अँटिव्हायरस आला, एक पत्रिका बघायचं सॉफ्टवेअर आलं आणि कुणी मागितले नसताना दादा कोंडक्यांचे दोन सिनेमे आले. सगळ्याचे मिळून पाचशे रुपये, वर चहा. त्यानंतर दर दिवाळीला तो पोरगा येऊन ‘फॉरमॅट मारायचा’. घराला रंग, दुकानाला तोरण आणि कॉम्प्युटरला फॉरमॅट, असा आमच्याकडचा सणाचा क्रम होता.

आता अशा दुकानात जाऊन ‘लिनक्सला पैसे पडत नाहीत’ ह्या मुद्द्यात काय दम राहतो? विंडोजलाही पैसे पडले आहेत असं तिथे कुणाला वाटलेलं नव्हतं. युरोप-अमेरिकेतला लिनक्सवाला परवान्याची किंमत दाखवून माणूस वळवतो. आपल्याकडे तालुक्याच्या गावात तो परवाना म्हणजे काय हेच आधी समजावून सांगावं लागतं, आणि समजावून झालं की समोरचा आपल्याकडेच संशयाने बघतो: हा विक्रीकराकडून आलाय का?

कामाला आली ती वेगळीच गोष्ट. 14 ऑक्टोबर 2025 पासून विंडोज 10 ला मिळणारी मोफत सुरक्षा दुरुस्ती बंद होणार, हे जाहीर झालेलं होतं. विंडोज 11 वर जावं तर त्याला टीपीएम 2.0 नावाची सोय लागते आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर. आमचा तिसऱ्या पिढीचा. म्हणजे धडधाकट चालणारं यंत्र केवळ जन्मसालामुळे बाद. मी हे अण्णांना पिढ्या आणि चिपा लावून सांगत होतो. ते एका शेतकऱ्याला कांद्याच्या करप्यावर काय मारायचं ते सांगत होते. त्याला वाटेला लावल्यावर माझ्याकडे वळून म्हणाले, “म्हणजे एक्सपायरी आहे म्हण की.”

“तसंच काहीसं.”

“तारीख?”

“चौदा ऑक्टोबर.”

अण्णा उठून उभे राहिले. कृषी सेवा केंद्रवाल्याला यमाइतकीच भीती एक्सपायरीची असते. मुदत संपलेल्या औषधाची एक बाटली जरी शेल्फवर सापडली तरी गुणनियंत्रण निरीक्षक विक्री बंदचा आदेश हातात ठेवून जातो. मुदत संपलेला माल गल्ल्याच्या शेजारी, टेबलावर, तोही चालू अवस्थेत! “काढ ते,” अण्णा म्हणाले. मायक्रोसॉफ्ट आणखी वर्षभर मुदतवाढ देत होतं, तीही सांगून पाहिली. पण मुदतवाढीचा स्टिकर लावलेला माल अण्णांनी कधी ठेवला नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर हा लेख इथेच संपला असता. पण अण्णांचा पहिला प्रश्न तसाच शिल्लक होता. त्याला इतिहासही होता.

मी इंजिनिअरिंगला असताना उबुंटू नावाच्या लिनक्सची सीडी परदेशातून घरपोच मिळायची. इंटरनेटवर पत्ता भरायचा, काही आठवड्यांनी पोस्टमन पाकीट आणून द्यायचा. टपालखर्चसुद्धा त्यांचाच. शिपइट नावाची ती योजना 2005 च्या सुमाराला सुरू झाली आणि 2011 मध्ये बंद पडली. अवकाशात जाऊन आलेल्या मार्क शटलवर्थ नावाच्या दक्षिण आफ्रिकी धनिकाचे पैसे त्यात होते. मी हावरटासारख्या भरपूर सीड्या मागवल्या. त्या पुण्यात मित्रांना वाटल्या, मॉडेल कॉलनीतल्या सिम्बायोसिसच्या संगणक संस्थेत ‘जीएनयूनिफाय’ नावाचा मेळावा भरायचा तिथे मिरवल्या, आणि उरलेल्या घरी आणल्या. अण्णांनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. “पैसे न घेता एवढ्या लांबून पाठवतोय, म्हणजे नंतर येणार वसुलीला,” असं म्हणून त्यांनी माझं नाव-पत्ता असलेली पट्टी फाडून ठेवली. सीड्या मात्र वाया घालवल्या नाहीत. आमच्या शेतात बाजरी निसवली होती. चमकणाऱ्या वस्तूला पाखरं बिचकतात. ती बाजरी लिनक्सने राखली. शिरूर तालुक्यात ही ऑपरेटिंग सिस्टिम आपल्या आधी कुणी शेतीत वापरली असेल असं मला वाटत नाही.

तर ह्या खेपेला मी ठरवलं की प्रश्नाचं उत्तर नीट द्यायचं. रात्री दुकान बंद करून अण्णा हिशेबाला बसले तेव्हा सुरुवात केली. 1991 साली फिनलंडमधल्या हेलसिंकीत लिनस टोरवाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने स्वतःच्या हौसेसाठी ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा लिहायला घेतला. ऑगस्टमध्ये त्याने ते जाहीर केलं. पुढच्या वर्षी तो गाभा अशा परवान्याखाली दिला की कुणीही तो घ्यावा, वापरावा, बदलावा. बदलून वाटलात तर तुमचा बदलही इतरांना तसाच खुला ठेवावा.

“बापाचं दुकान होतं का त्याच्या?”

“नाही. पत्रकार होते.”

“मग बरोबर,” अण्णा म्हणाले.

मी मोठमोठी उदाहरणं काढली. जगातले पहिले पाचशे महासंगणक 2017 पासून एकजात लिनक्सवर चालतात. मंगळावर 2021 मध्ये जे हेलिकॉप्टर उडालं त्यात लिनक्स होतं. “ते युरिया विकतात का?” अण्णांनी विचारलं. मी त्यांचा मोबाइल दाखवला आणि म्हणालो की ह्या अँड्रॉइडच्या पोटातही लिनक्सचाच गाभा आहे, तुम्ही रोज तोच वापरताय. हे ऐकून ते खूश होतील अशी माझी कल्पना. “तरीच सारखा हँग होतो,” ते म्हणाले.

मग मी पैशाची बाजू उघडली, कारण त्यांना तीच ऐकायची होती. लिनक्स लिहिणारे सगळेच काही हौशी नाहीत. त्यातल्या पुष्कळांना इंटेल, गूगल, रेड हॅट अशा कंपन्या पगार देतात, कारण त्यांचे स्वतःचे धंदे त्यावर उभे आहेत. रेड हॅट तर सॉफ्टवेअर खुलं ठेवते आणि ते सांभाळून देण्याचे, अडलं तर धावून येण्याचे पैसे घेते. आयबीएमने 2019 मध्ये ती कंपनी चौतीस अब्ज डॉलरला घेतली. आपल्या पुण्यातसुद्धा तिचं ऑफिस आहे, आणि लिनक्सवर मराठी अक्षरं नीट दिसावीत म्हणून ‘लोहित’ नावाचे फाँट तिनेच मोकळे करून दिले.

अण्णांनी पेन खाली ठेवलं. धंद्याची गोष्ट निघाली की ते ठेवतात.

“म्हणजे बियाणं फुकट आणि सल्ला विकत.”

“हो.”

“आपलं नेमकं उलटं आहे,” ते म्हणाले. “सल्ला फुकट, बियाणं विकत. लोक सल्ला आपला घेतात आणि बियाणं समोरच्याकडून.” आणि बराच वेळ ते वहीकडे न बघता समोरच्या दुकानाच्या बंद शटरकडे बघत राहिले. लिनक्समुळे त्यांच्या विचाराला चालना मिळाली ती एवढीच, पण ती खोल होती.

मुहूर्त पाडव्याचा ठरला. ह्यात माझं काही नव्हतं. नवी वही दिवाळीच्या पाडव्याला सुरू होते तर नवा कॉम्प्युटरही पाडव्यालाच, असं अण्णांनी जाहीर केलं. आदल्या दिवशी लक्ष्मीपूजनात जुन्या विंडोजला शेवटचं हळदकुंकू लागलं. ते काढताना माझ्या लक्षात आलं की एका यूएसबी पोर्टात गेल्या कित्येक दिवाळ्यांचं कुंकू साठलेलं आहे. आईचा त्या यंत्राशी असलेला हा एकमेव तांत्रिक व्यवहार. मी सीपीयूवर लिनक्सच्या पेंग्विनचा स्टिकर लावला. ह्या टक्स नावाच्या पेंग्विनचं चित्र 1996 मध्ये लॅरी इविंग ह्यांनी काढलं. ऑस्ट्रेलियात कॅनबेराला टोरवाल्ड्सना एक छोटा पेंग्विन चावला होता, असं ते स्वतः सांगतात.

“चावलं, तरी त्याचाच फोटो लावला?” आईने विचारलं आणि पेंग्विनच्या कपाळाला कुंकू टेकवलं.

मी घातलं ते लिनक्स मिंट. त्याच्या प्रत्येक आवृत्तीला बाईचं नाव असतं आणि त्या दिवाळीतली ताजी आवृत्ती ‘झारा’ होती. मी आतून ओरडलो, “झारा घालतोय!” आईने स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलं की झारा तिच्या हातात आहे आणि चकल्या झाल्याशिवाय मिळणार नाही.

प्रत्यक्ष घालण्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. चकल्यांना जास्त वेळ लागला. जुनी हार्ड डिस्क काढून मी त्या जागी एसएसडी बसवली होती. पुढे अण्णांनी जो वेग अनुभवला आणि चारचौघांत वाखाणला त्यातला निम्माशिम्मा तिचा होता. लिनक्सप्रेमी मंडळी ही गोष्ट सहसा सांगत नाहीत.

शहाणपण मी एकच केलं. अण्णांनी इतकी वर्षं विंडोज वापरलं असं आपण म्हणतो, पण त्यांनी विंडोज कधी वापरलेलंच नव्हतं. त्यांनी चार चित्रं वापरली होती. डावीकडे वरून पहिलं म्हणजे बिलं, त्याखाली उधारी, त्याखाली जीएसटी, आणि कोपऱ्यात व्हॉट्सअॅप. मागे रांजणगावचा महागणपती. मी तोच गणपती मागे लावला आणि तीच चार चित्रं त्याच जागी मांडली. बिलं आता लिबरऑफिसमध्ये उघडत होती, जीएसटीचं संकेतस्थळ फायरफॉक्समध्ये. अण्णा बसले, डावीकडचं पहिलं चित्र दाबलं, तक्ता उघडला. “झालं का सुरू?” एवढंच म्हणाले. एका माणसाचं एका ऑपरेटिंग सिस्टिममधून दुसरीत संपूर्ण स्थलांतर झालं होतं आणि ते त्याला कळलं नव्हतं.

पहिलं बिल युरियाचं. युरियाची गोणी पंचेचाळीस किलोची. पूर्वी पन्नासची होती, 2018 मध्ये पाच किलो उतरली. किंमत 266 रुपये 50 पैसे. पन्नास पैशांचं नाणं कायद्याने चालतं, शिरूरमध्ये चालत नाही. म्हणून अण्णा युरिया शक्यतो जोडीने देतात: दोन गोण्या, 533, व्यवहार सरळ. एकच गोणी मागणारा माणूस त्यांच्या मते हिशेबाला जड असतो. जुन्या तक्त्यात ह्या पन्नास पैशांसाठी कॉम्प्युटरवाल्या पोराने एक सूत्र घातलं होतं आणि ते लिबरऑफिसमध्ये चालेल की नाही ह्याची मला रात्रभर काळजी होती. ते बिनतक्रार चाललं. नवं-जुनं जुळवणारी माणसं नको तिथे घाबरतात आणि अडचण दुसऱ्याच दाराने येते.

ती प्रिंटरच्या दाराने आली. एका नामांकित कंपनीचा छोटा लेसर प्रिंटर तुम्हीही पाहिला असेल. झेरॉक्सच्या दुकानात, वकिलाच्या टेबलावर, सेतू केंद्रात, सगळीकडे तोच. दुष्काळ, पूर, लोडशेडिंग, कशानेही तो बंद पडत नाही. फक्त लिनक्सशी बोलत नाही. बिल छापायला सांगितलं की दिवा लुकलुकवायचा आणि आजारी माणूस भाकरी नाकारतो तसं नाकारायचा. मी काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करत होतो. बाहेर तीन गिऱ्हाइकं बिलासाठी उभी होती. त्यांतला एकजण गल्ल्यावरून वाकून बराच वेळ ती पांढरी अक्षरं सरकताना पाहत होता. त्याने अण्णांना हळूच विचारलं, “पोरगं काय सायबरवाल्यांत हाय का?” अण्णा म्हणाले, “नाही, प्रिंटर दुरुस्त करतोय.” गिऱ्हाइकाचा आदर एकदम उतरला.

अखेर कुणा अनोळखी माणसाने त्या प्रिंटरची बोली बाहेरून ऐकून ऐकून स्वतः लिहिलेला ड्रायव्हर सापडला. कंपनीने ही बोली कुणाला शिकवलेली नव्हती. त्या माणसाला त्याचे पैसेही कुणी दिलेले नव्हते. बिल छापून आलं. अण्णांनी ते हातात घेतलं आणि पुन्हा विचारलं, “ह्याला तरी काय मिळालं?”

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. दौंडचे मामा आले. दौंडला त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे, म्हणजे खिळे-बिजागऱ्यांचं. पाटस, चौफुला, केडगाव, पारगाव, न्हावरा असा रस्ता. केडगावच्या बाजूला गुऱ्हाळं पुष्कळ, म्हणून मामा कधी रिकाम्या हाताने येत नाहीत. गुळाची ढेप आईकडे देऊन ते दुकानात शिरले, पेंग्विनकडे पाहिलं आणि म्हणाले, “दाजी, हे काय पाखरू पाळलंय?”

मामांनी नुकताच नवाकोरा लॅपटॉप घेतला होता. नव्या वस्तूचे पैसे मोजलेल्या माणसाला शेजारी जुन्या वस्तूवर भागलेलं बघवत नाही. त्यांनी पहिलाच बाण अचूक मारला: “टॅली चालतं का ह्याच्यावर?”

नाही चालत. म्हणजे खटपट्या लोक चालवून दाखवतात, पण टॅली बनते विंडोजसाठी. तालुक्याच्या गावात हिशेब ह्या शब्दाचा अर्थच टॅली आहे. ज्या दुकानात रोज टॅलीवर काम होतं तिथे लिनक्सचं नावसुद्धा काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. खुल्या सॉफ्टवेअरवर कितीही प्रेम असलं तरी वीस तारखेला रिटर्न भरायचं असतं, आणि वीस तारीख तत्त्वज्ञान बघत नाही. आमचं निभावलं ते एवढ्यासाठी की अण्णांकडे टॅली नव्हतीच. ते बिलांचा तक्ता कर सल्लागाराकडे पाठवतात आणि तो पुढचं बघतो. सल्लागार मामांच्या ओळखीचा, म्हणून दौंडचा. शिरूरमध्ये सल्लागार नाहीत असं नाही, पण मेव्हण्याने लावून दिलेला माणूस बदलणं हे ऑपरेटिंग सिस्टिम बदलण्याहून अवघड असतं. रिटर्नवर सही म्हणाल तर एकट्याच्या मालकीच्या दुकानाला ती ओटीपीने चालते. ओटीपी येतो तो फोन आईजवळ असतो. म्हणजे विंडोज असो की लिनक्स, शेवटचं बटण आईच दाबते.

मग मी म्युनिकची गोष्ट सांगायची चूक म्हणा, धाडस म्हणा, केलं. जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेने 2003 मध्ये ठरवलं की विंडोज सोडून लिनक्सवर जायचं. दहा वर्षं खपून पंधरा हजारांच्या आसपास कॉम्प्युटर बदलले. जगभर कौतुक झालं. आणि 2017 मध्ये त्याच महापालिकेने ठरवलं की परत विंडोजवर जायचं.

मामा प्रसन्न हसले. अण्णांनी मात्र विचारलं, “मधे महापौर बदलला असंल?”

“2014 ला.”

“मग त्यात कॉम्प्युटरचा काय दोष?” ग्रामपंचायतीपासून बाजार समितीपर्यंत निवडणुका पाहिलेल्या माणसाला म्युनिक समजायला जर्मन लागत नाही.

जेवणं झाल्यावर मामांनी तोच प्रश्न काढला, अण्णांचा. एवढी माणसं पैशाविना कशाला राबतात? फिनलंडचा काय, अमेरिकेचा काय, प्रिंटरवाला काय. मी परवाना, समुदाय, सहभाग वगैरे शब्द जुळवत होतो तेवढ्यात अण्णाच बोलले, सुपारी कातरता कातरता.

“इर्जिक आहे ती.”

मामांनी मान डोलावली. शहरातल्या वाचकासाठी सांगतो. एखाद्याची नांगरट मागे पडली, बैल आजारी पडला, घरात काही झालं, की गावातले लोक एक दिवस ठरवून आपापली औतं घेऊन त्याच्या रानात उतरायचे. दिवस मावळेपर्यंत रान उलथून मोकळं. मजुरी कुणी घ्यायची नाही. उद्या माझ्यावर वेळ आली तर तू ये. अण्णांनी लहानपणी पाहिलेली इर्जिक ते सांगू लागले: कुणाची बैलजोड कशी होती, कोण तासात गाणं म्हणायचा, कोण फक्त जेवायच्या वेळेला उगवायचा. असा एक प्रत्येक इर्जिकीत असायचाच. (लिनक्सच्या जगातही असतात, पण मी मधे बोललो नाही.) आता ट्रॅक्टर तासावर येतो आणि डिझेलचा भाव सांगून जातो.

मला वाटलं, जिंकलो. इतकी वर्षं जो प्रश्न मला सुटला नाही तो अण्णांनी स्वतःच सोडवला होता, आणि मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ उभी करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमनपासून टोरवाल्ड्सपर्यंत कुणालाही सुचलं नव्हतं इतकं नेमकं.

“पण इर्जिकीला जेवण घालावं लागतं,” अण्णा म्हणाले. “गूळ घालून पुरणपोळी असायची. तू काय घातलंस?”

“कुणाला?”

“ह्या पेंग्विनवाल्यांना. आणि त्या प्रिंटरवाल्याला.”

मी काही घातलेलं नव्हतं. इतकी वर्षं लिनक्स वापरून, त्याच्या जोरावर पुण्यात नोकरी करून, मेळाव्यांत टाळ्या वाजवून मी एका पैचंही काही दिलं नव्हतं, ही माहिती अण्णांनी माझ्या चेहऱ्यावरून काढली. मग मात्र त्यांनी ऐकलं नाही. मिंटवाले देणगी घेतात, हे मी सांगून बसलो. “देऊन टाक,” म्हणाले. प्रिंटरचा ड्रायव्हर लिहिणाऱ्याने पैसे घ्यायची काही सोयच ठेवलेली नव्हती; त्याच्या वाटणीचंही मिंटलाच द्यायचं ठरलं. “पावती मिळेल का?” त्यांनी विचारलं. ईमेल येईल म्हटलं. “जीएसटी नंबर टाकतात का त्यावर?” नाही. अण्णांना हे आवडलं नाही, पण मागे हटले नाहीत. कार्ड माझं, ओटीपी माझा, रोख रक्कम गल्ल्यातून मोजून माझ्या हातात. नव्या वहीच्या पहिल्या पानांवर धर्मादाय खातं असतं. त्यात गणेश मंडळ, हरिनाम सप्ताह आणि गोशाळा ह्यांच्याखाली अण्णांनी लिहिलं: ‘लिनक्सवाले, इर्जिकीचं जेवण.’

कॉम्प्युटरवाला पोरगाही दिवाळीचा फॉरमॅट मारायला येऊन गेला. पेंग्विन पाहून त्याचा चेहरा पडला. अण्णांनी त्याला चहा पाजला, फराळाचं दिलं आणि पाचशे रुपयेही दिले; फॉरमॅटचे नाहीत, दिवाळीचे. जाताना त्याने हळूच माझ्याकडे पेनड्राइव्ह मागितला. सध्या तो जुन्या कॉम्प्युटरवर मिंट घालून देतो असं कळतं, सिनेम्यांसकट.

दोन गोष्टी राहिल्या त्या राहिल्याच. अण्णांची उधारीची स्मरणपत्रं पूर्वी कुणीतरी युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये टाइप करून दिलेली होती. त्या फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या जागेवर मराठी आकार बसवलेले असतात, त्यामुळे फाँट नसला की मजकुराचा चिवडा होतो. ह्यात लिनक्सचा दोष नाही, पण तो दिसतो लिनक्सवर. मी पत्रं पुन्हा टाइप करून देतो म्हटलं. अण्णांनी चिवडा नीट निरखून पाहिला आणि म्हणाले, “असंच छाप. आकडा दिसतोय ना? बाकी त्यांनी आधीही वाचलं नव्हतं.” दुसरी गोष्ट तक्त्याची. इथले फाँट आणि दौंडचे फाँट वेगळे, त्यामुळे सल्लागाराच्या कॉम्प्युटरवर काही रकाने अरुंद पडतात आणि रकमेच्या जागी नुसत्या ‘###’ अशा खुणा दिसतात.

त्यावरूनच सल्लागाराचा फोन आला. अण्णांनी स्पीकरवर घेतला.

“अण्णा, ऑक्टोबरच्या रकमा दिसत नाहीत.”

“कुठल्या?”

“उधारीच्या रकान्यातल्या.”

“त्या मलाही दिसलेल्या नाहीत. पुढं बोला.”

“आणि धर्मादायात हे लिनक्सवाले कोण घातलेत? बिल नाही, पॅन नाही.”

“परदेशातले आहेत.”

“परदेशातले? अण्णा, एक्स्पोर्ट-इम्पोर्ट काही करायला लागला का? ते वेगळं दाखवावं लागतं.”

“नाही हो. जेवण घातलं त्यांना.”

थोडा वेळ पलीकडून फक्त दौंडच्या रस्त्यावरचे हॉर्न ऐकू आले.

“कुठं?”

“ते जाऊ द्या,” अण्णा म्हणाले. “सध्या माझ्या उत्पन्नातनं वजा धरू नका, मला सूट नको. पुढच्या वर्षीही असंल ते, खातं तेवढं चालू ठेवा. आणि रकाना तुमच्याकडं जरा रुंद करा, माऊसनं ओढला की होतो. पोरगं म्हणतंय.”